आलं का?

आमच्या गल्लीत हा प्रश्न पहाटे चारला विचारतात.
उत्तर माणसं देत नाहीत, हंडे देतात.

इथे, म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात, खाट नंबर अकरावर
दिवसभर विचारतात.
सासूबाई डबा उघडता उघडता,
आत्या खोपोलीहून फोनवर,
झाडूवाल्या मावशी खाटेखालचा केर ओढता ओढता:
आलं का?

नाही आलं.
थेंब येतो. पिवळा, चिकट,
बोटाच्या पेरावर घेतला तर ओघळतसुद्धा नाही.
धनवडे सिस्टर म्हणतात, हाच चीक, एवढा पुष्कळ,
तिचं पोट आत्ता बोराएवढं.
चीक म्हटल्यावर मला खरवस आठवतो,
वेलची घातलेला, थरथरणारा,
लहानपणी हट्ट करून खाल्लेला,
आणि एक वासरू,
ज्याचा मी तेव्हा विचारच केला नव्हता.

ती तोंड उघडते. केवढं तोंड, केवढ्याशा चेहऱ्यात.
शोधते काखेत, दंडाला, गाउनच्या बटणात,
सापडलं की ओढते, सोडते,
आणि साऱ्या जगाची तक्रार माझ्याकडे करते.
टाके ओढतात.
शेजारच्या खाटेवरची शकिला तिसऱ्याला पाजते
एका हाताने,
दुसऱ्या हातातल्या फोनवर कुणाला तरी दटावत.
रात्री मी रडले तेव्हा तीच उठून आली.
"तू वाकू नको गं. तिला वर आण."
माझ्या कोपराखाली उशी सरकवली आणि गेली,
परक्याच्या घरातली तिरकी तसबीर
जाता जाता सरळ करावी तशी.

संध्याकाळी बाबा आले.
तीस वर्षं पाणीखात्यात चावीवाले.
खांद्याइतकी उंच लोखंडी चावी, रस्त्यातलं झाकण,
किती आटे फिरवले की कुठल्या गल्लीला किती वेळ,
त्यांच्या मनगटाला पाठ.
अर्ध्या शहराचं पाणी आमच्या भांडुपात गाळतात
आणि टेकडीवर आम्हाला चाळीस मिनिटं मिळतं,
यावर ते कधी बोलले नाहीत.
मुलीच्या दुधावर काय बोलणार?
पडद्यापलीकडे बसले, मोसंबी सोलत,
आणि खूप वेळाने भिंतीला सांगावं तसे म्हणाले,
"पाणी सोडलं की आधी नुसती हवा येते.
फुसफुसतो नळ. लोकांना वाटतं, नाही आज.
बंद करतात.
बंद नाही करायचा."
साली कागदात गुंडाळून घेऊन गेले.
मोसंबी तशीच राहिली, सोललेली.

पाचव्या रात्री घरी.
छातीचा दगड झालेला, काखेपर्यंत गाठी, अंगात कणकण.
सासूबाईंनी गरम पाण्याचा फडका दिला, अळिवाची खीर दिली,
आणि कपाटातलं चांदीचं बोंडलं काढून
फळीवर ठेवलं, काही न बोलता,
दिसेल असं.

चार वाजून दहा मिनिटं.
बाहेर पाइप खोकला.
कुणीतरी ओरडलं, आलं, आलं!
पिंपं ओढल्याचा आवाज, अनवाणी पाय,
कालचं भांडण आज पुन्हा पहिल्या हंड्यापासून.
घर सगळं बाहेर धावलं.
उरलो मी आणि ती.

मी वाकले नाही. तिला वर आणलं.
दुखलं. पायाच्या अंगठ्यापर्यंत दुखलं,
मग पाठीकडून कुठून तरी मुंग्या निघाल्या, रांगेने,
आणि तिचं ओढणं बदललं.
घुटका. दम. घुटका.
हा आवाज मी आधी ऐकला नव्हता.
दुसरी बाजू आपली आपण गळायला लागली,
गाउन, चादर, माझं कोपर,
हाताशी काही सापडेना,
तिचंच झबलं लावलं. तेही भिजलं.

सासूबाई दारात आल्या, कमरेवर कळशी, पाय ओले.
विचारायला तोंड उघडलं,
आणि तशाच उभ्या राहिल्या.
कळशीतून पाणी सांडत होतं उंबऱ्यावर.
पाणी सांडलेलं त्यांना चालत नाही.

तिला ठसका लागला. नाकातून दूध आलं.
शिंकली, माझ्याकडे रागाने पाहिलं,
आणि पुन्हा धरलं.