डाव्या हाताची तर्जनी

सेलमहून विट्याला यायला
बसनं अठरा तास लागतात.
बस उमेदवाराची. दोन वेळचं जेवण, पाण्याची बाटली,
आणि शेजारी एरोडचा जालिंदर, त्याला रात्रभर उलट्या.
मी फुकट आलो, हे आधीच सांगून टाकतो,
मागनं कुणी म्हणायला नको.

मुदतीच्या मध्यातच पुन्हा मतदान,
कारण निवडून दिलेला गडी अडीच वर्षांत
दुसऱ्या घरी नांदायला गेला.
गेला तर गेला. आहेर मात्र आमच्या पैशाचा.

टीव्हीवरचे आकडे मला कळत नाहीत,
देश कितव्या नंबरला आला, कुणाला मागं टाकलं.
एकतीस वर्षं भट्टीपुढं बसलोय,
मुशीत काय येतं तेवढं कळतं.
पूर्वी मोडकं यायचं: तुटलेली साखळी,
जोडीदार हरवलेलं एकटं कर्णफूल.
आता धड वस्तू येतात.
परवा एकानं कोरी अंगठी आणली,
आत कोरलेलं नाव अजून बोटाला टोचत होतं.
कॉलेजची फी, म्हणाला. मी विचारलं नव्हतं.
एका बाईनं ताली आणली, तिकडं मंगळसूत्राला ताली म्हणतात,
दोऱ्याची हळद अजून ओली.

भाव चढला म्हणून लोक खूश आहेत.
घरातलं सोनं लाखाचं झालं, खरं आहे.
पण ते घरातनं निघाल्यावर झालं.

सवागी टाकली, आच वाढवली.
अंगठीतलं नाव विरघळायला मिनिट लागलं नाही.

लेंगऱ्याच्या शाळेत रांग.
पुढं अनसाबाई. वळून विचारते,
"तोळा केवढ्याला झाला रं?"
सांगितला. तिचा हात गळ्याकडं गेला, तिथंच राहिला.
"मग मत कुणाला द्यायचं?"

खोलीत मास्तरीणबाईंनी माझं बोट धरलं,
उलटसुलट केलं, चष्मा वर सारला.
"तुम्ही मतदान करून आलाय."
नाही बाई.
"मग ही काळी बोटं?"
चांदी. तेजाबात चांदी विरघळवतो,
ते पाणी कातडीला लागलं की उन्हात काळं पडतं, धुतलं तरी जात नाही.
तुमच्या बाटलीतही तीच आहे.

एजंट हसले. एक हसला नाही, लेखी घ्या म्हणाला.
दहा मिनिटं दहा बोटांची चौकशी चालली.
मागून कोणी ओरडलं,
"गलाईवाल्या, घरातच मत टाकून आलास व्हय?"
मी उभा.
एकतीस वर्षं मत दिल्याची खूण हातावर घेऊन फिरतोय,
मोजायला कुणी आलं नाही.

शेवटी आधार बघितलं, शाई लावली,
डागावर डाग.

पुठ्ठ्याच्या आडोशाला मशीन.
दोघांनाही मी मनातल्या मनात कसोटीवर घासलेलं:
एक बारा कॅरेट, एक चौदा,
वरचा मुलामा सारखाच.
रागानं वाटलं, काहीच दाबू नये.
पण आमच्या धंद्यात हिणकस माल फेकत नाहीत.
दुकानातली झाडलोटसुद्धा जाळून गाळतात,
पोतंभर राखेतनं गुंजभर निघतं.
त्या गुंजांवर माझ्या पोरीचं बी.फार्म झालं.

दाबलं. बीप वाजली.
बटण बसवाल्याचं होतं का, ते सांगणार नाही.
भाडं दोन हजार, तेवढं मी त्याचं देणं लागतो.

परतताना कागलच्या पुढं
खिडकीतनं ऊन हातावर आलं.
आजची शाई शोधत होतो,
कुठली आजची, कुठली जुनी, कळेना.
जालिंदर म्हणाला, दाखव की बोट.
मी सगळीच पुढं केली.