दुसरा खण

भेकराईनगर डेपोच्या समोर आमचं मेडिकल.
काउंटरच्या आत मी, नऊ वर्षं.
ती गोळी दुसऱ्या खणात, ओआरएसच्या मागे.
हात न बघता पोचतो.

बायका तिचं नाव घेत नाहीत.
एकीनं तर नुसता मोबाईल फिरवून दाखवला,
तडा गेलेल्या काचेखाली डबीचा फोटो.

आणि काही घेतच नाहीत.

हरपळ्यांची मोठी सून सोमवारी आली.
खोकल्याचं औषध मागितलं. थांबली.
मागे तिचे चुलतसासरे, बीपीची चिठ्ठी घेऊन.
म्हणाली, आणि एक आयोडेक्स.
मंगळवारी पॅड नेले. गरज नसताना, मला वाटतं.
बुधवारी एकशे अकरा सुटली, धूर बसला,
तर ही रस्त्यापलीकडे उभी, माझ्याकडे बघत.
मी तिचे तास मोजत होते.
बहात्तर, आणि त्यातले गेलेले.
घरात खोकला कुणालाच नव्हता.

शिबिरात डॉक्टर म्हणाले, बायकांना माहिती नसते.
असते हो.
पैसे त्याच्या फोनवरून जातात
आणि फोनवर मेडिकलचं नाव उमटतं, हीसुद्धा माहितीच.
कुणाला जावेनं सांगितलेलं असतं, पिशवी जळते;
ते मी खोडू शकते, खोडतेही.
पण एक म्हणाली होती,
'त्यानं एकदा विचारलं असतं, तर घेतली असती.'
याच्यावरचं औषध आम्ही ठेवत नाही.

आता सांगूनच टाकते.
एका रविवारी शटर मी एकटीनं उघडलं.
किल्ली माझी, खण माझा,
बघायला कुणी नाही, समोरचा चहावालासुद्धा गावी.
ओआरएसचा खोका बाजूला केला.
परत होता तिथे ठेवला.
रात्री मी नको म्हटलं होतं, दोनदा.
गोळी घेतली असती
तर रात्र झाली होती, असं ठरलं असतं.
मी फरशी पुसायला घेतली.

माझी पाळी आली, चार दिवस उशिरा.
त्यात शहाणपण माझं काही नाही.

दिवाळीनंतर हरपळ्यांची सून पुन्हा दारात.
फॉलिक ॲसिड, म्हणाली, मोठ्यानं,
रांगेत चार माणसं असताना.
ब्लाऊजमधून शंभरची नोट काढली,
घडी घालून घालून नखाएवढी झालेली.
उलगडताना घडीवर फाटली.
मी चिकटपट्टी लावली, गल्ल्यात टाकली.
सुटे मोजून दिले.
तिनंही मोजून घेतले.