पान दोनशे बारा

ग्रंथालयानं पोत्यात घालून चाळीस पुस्तकं पाठवली,
त्यात ही कादंबरी. आधी दोनदा बांधलेली,
पाठ मोडलेली, जुन्या खळीला कसर लागलेली.
मे महिना. महालातल्या माझ्या दुकानात
कूलरच्या वाळ्याचं वाळून गवत झालंय
आणि खळ भांड्यातच साय धरते.

पुस्तक आपोआप उघडतं दोनशे बाराव्या पानावर.
सगळे वाचक इथंच थांबत असणार.
कुठलंसं परमुलखातलं मिठागरांचं गाव,
कोर्टात घामेजलेली माणसं,
आणि पिंजऱ्यात तो.
कोठार त्यानं जाळलंच नव्हतं;
त्या रात्री खाडीपलीकडे
एका विधवेचं छप्पर शाकारत होता.
विधवेला ठाऊक आहे.
विधवा दुसऱ्या बाकावर बसली आहे.
कुणाला काही सांगायचंय? न्यायाधीश विचारतो,
आणि पुढे अर्धं पान लेखकानं
नुसता भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज लिहिलाय.

फौजदार माझ्याकडे पुठ्ठे कापायचा.
पारध्याचं पोर. बापानं मुद्दाम ठेवलेलं नाव,
निदान नावाला तरी कुणी हात लावणार नाही.
धाकट्याचं नाव तहसीलदार.
आई घेऊन आली तेव्हा म्हणाली,
"बाई, माहा पोरगा चोरी नाही करत."
काम मागताना आधी हेच सांगायचं,
हे तिला कुणी शिकवलं, मी विचारलं नाही.
गल्ला मात्र पहिले सहा महिने
रोज पिशवीत घालून घरी नेला.

फेब्रुवारीत इतवारीत सराफाचं दुकान फुटलं,
रात्री दहाच्या सुमाराला म्हणे.
पहाटे गाडी सरळ बेड्यावर.
बेडा आणि बेडी, फरक एका वेलांटीचा.
"फौजदारानंच फौजदाराले धरलं बे!"
गल्ली हसली.
मीही थोडी हसले असेन.

त्या रात्री दहाला तो इथं होता.
शिकंज्यात शाळेच्या चारशे वह्या,
तो दांडा पिळत होता, मी दोरा ओवत होते.
साडेदहाला मी संत्रं सोललं, अर्धं त्याला दिलं.
बिया थुंकायला दारापर्यंत गेला,
रस्ता झाडलेला बघून परत आला,
कागदाच्या कातरणात गुंडाळल्या, खिशात ठेवल्या.

हवालदार आला तो अगदी अदबीनं. चहा घेतला.
"काकू, तुम्ही कायले या भानगडीत पडता?"
मी म्हटलं, नीटसं आठवत नाही.
किती सहज निघालं वाक्य,
खळीतून बोट निघावं तसं.

आज कडा कापायला पुस्तक पात्याखाली धरलं.
दोनशे बारा. समासात पेन्सिल.
उजवीकडे झुकलेलं अक्षर:
ही बाई बोलत का नाही? भेकड!
त्या 'भे'ची मात्रा मी ओळखते.
अकरावीत होते. वर्गणी दोन रुपये होती.
रात्रभर रडले होते या पानावर,
आणि त्या विधवेशी
कित्येक दिवस मनातल्या मनात अबोला धरला होता.

पातं दोन सूत वर थांबलेलं.
समास जरा जास्त कापला तर कुणाला कळणार?
तिसरी बांधणी, कडा काळ्या पडलेल्या.
इतकं कापतातच.

मी पुस्तक बाहेर ओढलं.
त्या अक्षराखाली, आताच्या हातानं, लिहिलं:
साडेदहापर्यंत तो इथं होता.
बिया त्याच्या खिशात होत्या.

तारीख सोमवारी आहे.
कोर्टात पेन्सिलीचं चालत नाही म्हणतात.

त्याची आई रोज बेड्यावरून पायी येते,
दुकानासमोर उभी राहते, काही मागत नाही.
आज मी म्हटलं, आत या, बसा.
"नाही जी," ती म्हणाली,
"तुमच्या गिऱ्हाइकाले बरं नाही वाटणार."

दुकानात गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.