चार बोटं

मघा सरता सरता दुपारी दोन तास उघडीप पडली
आणि मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघाले.
सात घरं. एक कुवेतला, दोन मीरा रोडला,
एक पुण्यात, बाकीची कुठे कुठे.
म्हणजे माणसं तिकडे. घरं इथेच,
दाभोळच्या खाडीकडे तोंड करून,
तोंड मिटून.

काडेपेटी मी तांदळाच्या डब्यात ठेवते.
फळीवर राहिली तर श्रावणात गुल मऊ पडतो.
निघताना पोलक्यात खोचते, अंगाच्या उबेला.

मुकादमांचं कुलूप खोबरेल पाजल्याशिवाय उघडत नाही.
दार फुगलंय, खांदा लावावा लागतो.
आत शिरल्यावर आधी नाक कामाला लागतं,
डोळे नंतर.
जुन्या वहीसारखा वास आला तर कपाटात,
ओल्या कुत्र्यासारखा आला तर गादीत.
नुसताच थंड आला, तर भिंतीत,
आणि मग दिवस गेलाच म्हणायचा.

बुरा झटकायचा नाही, हे मी उशिरा शिकले.
पहिल्या वर्षी केरसुणीनं झोडपला.
तो उडाला, आठवड्यात समोरच्या भिंतीवर जाऊन बसला,
आणि माझा खोकला दिवाळीपर्यंत.
आता तोंडाला फडकं बांधून,
दुसरं फडकं व्हिनेगरात पिळून,
वरून खाली, सावकाश.
कपाटात चुनकळीची वाटी.
पुढच्या खेपेला तिचं पीठ झालेलं असतं,
एवढं पाणी ती कुठून पिते
देव जाणे.

पण अर्धं काम बाहेरचं, शिडीवरचं.
बिवलकरांच्या पन्हळीत फणसाची पानं बसली होती,
खाली एक मेलेला बेडूक,
आणि पाणी गपगुमान वळून जांभ्यात शिरत होतं.
जांभ्याला नाही म्हणता येत नाही.
कोपरापर्यंत हात घालून पानं उपसली.
पाणी खळकन सुटलं, थेट अंगणात.

परकारांकडे शेवटी गेले. तिथे भीती होतीच.
जाताना मी म्हटलं होतं, भाभी, कपाटामागे
चार बोटं जागा सोडा, भिंतीला वारा लागू दे.
विमानाची घाई. कपाट सरकवलं ते टेकवूनच.
आज ओढलं तर मागे दुसरं कपाट,
तेवढंच उंच, तेवढंच रुंद,
काळ्या बुऱ्याचं.
त्याच्या आत पेन्सिलच्या रेघा:
मुदस्सर पहिली, मुदस्सर दुसरी…
तिसरीपर्यंत बुरा चढलेला. चौथीपासून वर
अजून वाचता येत होतं.

नजमाभाभींना व्हिडिओ लावला.
त्यांच्या मागे दोरीवर एक टॉवेल,
कोरडा ठणठणीत.
त्या बोलत होत्या, मी टॉवेलच बघत होते.
"वास येतोय का गं, शेवंती?"
"छे," मी म्हटलं.
फोनातून वास जात नाही, बरंच आहे.
"पुसलं तर रेघाही जातील, भाभी."
"पूस. तो आता दारात वाकून येतो."
मी फडकं उचललं.
"थांब," त्या म्हणाल्या. "आधी फोटो काढ."
फोटो हलला. दुसरा काढला.
मग त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही,
फडकं तेवढं भिंतीवर वाजत राहिलं.

शेगडीत करवंट्या पेटवल्या, खिडक्या सताड उघडल्या,
तासाभरात भिंतीचा रंग जरा उजळला.
तेवढ्यात खाडीपलीकडचा डोंगर पुसट झाला.
पटापट खिडक्या. कपाट तसंच ठेवलं,
मध्ये माझी चार बोटं घालून, मोजून.

घरी पोचेपर्यंत पागोळ्या सुरू.
उशीवर हात ठेवला. गार.
उशी उलटली तर
तांदळाएवढे हिरवे ठिपके,
कधीपासूनचे कोण जाणे.
या आठव्या घराची किल्ली
मी कुणाकडे दिलेलीच नाही.

चूल पेटवायला बसले.
काडेपेटीत दोन काड्या उरल्या होत्या.
पहिली नुसतीच खरखरली.