पेवाचं तोंड

हरिपूर रस्त्याला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
आम्ही शनिवारी जमतो.
अकरा जण, दोन पंखे, त्यातला एक चालतो.
मराठी शब्द तपासणारं सॉफ्टवेअर लिहितो, फुकट वाटतो.
खालून जोंधळ्याचं पीठ उडतं
आणि सगळ्यांचे कीबोर्ड जरा पांढुरके.

पहिल्याच दिवशी दस्तगीर मुलाणींनी भिंतीवर
खडूनं लिहिलं होतं:
इथलं काहीही झाकायचं नाही.
इतिवृत्त माझ्याकडे. कोण काय म्हणालं, कुणाचं चुकलं,
वेलांटीवरून कोण उठून गेलं,
सगळं मी लिहायचे, कुणीही वाचावं असं.
मला ते फार आवडायचं.
माझे बाबा मार्केट यार्डात तोलाईला होते, त्यांनी
रुमालाखालचे सौदे पाहिले होते:
वर हवापाण्याच्या गप्पा, खाली बोटांची दाबादाबी,
आणि ज्याची हळद, तो रुमालाकडे बघत उभा.
"भाव कापडाखाली गेला की समजायचं,"
बाबा म्हणायचे. काय समजायचं ते सांगायचे नाहीत.

मग श्रेणिक उपाध्ये तीन महिने आलाच नाही.
जोडाक्षरांचं सगळं काम त्याच्यापाशी अडकलेलं.
वैजयंता म्हणाली, कारण लिहा.
काम सगळ्यांचं, तर कारणही सगळ्यांचं.
तिचं काही चुकत नव्हतं.

मला कारण माहीत होतं.
संगमाच्या पायरीवर बसून त्यानं सांगितलं होतं,
मिरजेच्या दवाखान्याची फाइल
मांडीवर पालथी ठेवून.
"लिहू नकोस. आईला अजून ठाऊक नाही,
आणि माझा मामेभाऊ तुमचं सगळं वाचतो."

मी पेन धरून बसले.
दस्तगीर भिंतीकडे बघत होते, स्वतःच्याच अक्षराकडे.

आणि तेव्हाच, का कोण जाणे, मला
संक्रांतीच्या सुमाराची ती रात्र आठवली.
दस्तगीरांनी सतार घडवणाऱ्यांच्या दारोदार फिरून
चारशे शब्द गोळा केलेले,
ते "प्रमाण नाहीत" म्हणून काढायचे,
असं मी आणि वैजयंतानं फोनवर ठरवलं. दहा मिनिटांत.
सकाळी मी नुसतं लिहिलं: यादी स्वच्छ केली.
त्यांनी वाचलं. विचारलं नाही.
तोही रुमालच होता. बोटं माझी होती.

हरिपुरात पूर्वी हळदीची पेवं होती, जमिनीच्या पोटात,
तोंड मातीनं लिंपलेली.
बंद, म्हणून हळद टिकायची. कीड नाही, रंग जात नाही.
पण तोंड फोडलं की लगेच उतरायचं नाही, म्हणे.
दिवसभर वारा द्यायचा. मग दोरीला कंदील बांधून सोडायचा.
कंदील विझला, तर माणूस थांबायचा.
किती दिवस लिंपून ठेवायचं, किती वेळ वारा द्यायचा,
हे कुठल्या भिंतीवर नव्हतं.
दोरी धरणाऱ्याच्या हाताला कळायचं,
आणि कधीकधी त्यालाही कळायचं नाही.

त्या शनिवारी मी लिहिलं:
श्रेणिक काही काळ येणार नाही.
कारण मला माहीत आहे, पण ते त्याचं आहे.
जोडाक्षरं सुमित्रा कोळेकर बघेल.
आणि संक्रांतीला चारशे शब्द गेले,
ती स्वच्छता नव्हती. ते फोनवर ठरलं, मी आणि वैजयंता.
शब्द परत घेतले आहेत.
काढायचे असतील, तर भांडण इथे, सगळ्यांसमोर.

वैजयंता माझ्याशी बोलली नाही, चप्पल घालतानाही.
तिचं नाव घालण्याआधी
तिला विचारायला हवं होतं का,
माझं अजून ठरत नाही.

खाली गिरणी थांबली. दस्तगीर उठले,
भिंतीवरचं वाक्य पुसतील असं वाटलं.
पुसलं नाही.
शेवटच्या पूर्णविरामाला शेपटी काढून
त्याचा स्वल्पविराम केला,
थोडा वेळ थांबले,
आणि खडू खिशात टाकून जिना उतरले.