राखून

मिनिटं मोजायची, एवढंच माझं काम.
डॉक्टर व्हालादारिश धमनीला चिमटा लावतात,
म्हणतात, "ओतीलिया, सुरू,"
आणि अख्ख्या एव्होरा शहराचं रक्त
थांबल्यासारखं वाटतं मला, दर वेळी.

टेबलावर बेल्मिरु. वय एकाहत्तर.
चाळीस उन्हाळे कुऱ्हाडीने ओकची साल सोलली,
बाटल्यांच्या बुचांसाठी, दक्षिणेच्या माळावर.
डावं मूत्रपिंड लिस्बनला गेलं, चौऱ्याऐंशी साली:
चण्याएवढ्या गाठीपायी अख्खंच काढलं.
तेव्हा तशीच रीत होती,
फांदी किडली की झाड आडवं.

उरलेल्या एकावर आता गाठ, ऑलिव्हएवढी.

काल रात्री त्याने डॉक्टरांचा हात मागितला.
ज्योतिषी धरतो तसा नाही,
मुकादम नव्या पोराचा धरतो तसा,
उलटसुलट करून, अंगठा दाबून.
"जोर काय, सगळेच लावतात," म्हणाला.
"थांबायचं कुठे, ते मनगटाला कळायला हवं.
साल कोरडी बोलते.
आतलं ओलं लागलं की कुऱ्हाड गप्प होते.
तिथे थांबा."
डॉक्टर हसल्या नाहीत. विचारलं,
"तुमच्या हातून किती झाडं गेली?"
"एक. कुठे होतं ते अजून दाखवीन."

"सात," मी म्हणते.
मूत्रपिंडाचा रंग उतरलाय,
धुऊन धुऊन विटलेल्या पडद्यासारखा.
गाठीच्या कडेने कात्री फिरते,
निरोगी थोडं सोबत घेते, फार नाही.
हात राखून काम करतो म्हटलं
की ती एरवी निंदा असते.
इथे तीच विद्या.

"बारा."
गाठ बशीत पडते. एवढासा आवाज.
तळाशी एक नळी उघडी राहिलीय. टाका.
अजून एक. दोरा जास्त ओढला
तर मांस लोण्यासारखं चिरत जातं.
"सतरा."
माझाच आवाज मला मोठा वाटतो.
"एकोणीस."
चिमटा निघतो.

आणि मग ते, ज्याच्यासाठी बावीस वर्षं
मी ही कंटाळवाणी मोजणी करतेय:
काठाकडून आत, डागाडागाने,
गुलाबी परत येतं.
एक कोपरा मागे राहतो.
आम्ही सगळे त्या कोपऱ्याकडे बघतो.
तो फिकाच राहतो.
"असू दे," डॉक्टर म्हणतात, "तेवढं द्यावं लागतं."

साल उतरवली की खोडावर साल लिहायचं,
पांढऱ्या रंगात, फक्त शेवटचा आकडा.
मग नऊ वर्षं कुणी हात लावत नाही.
हे मला बेल्मिरुनेच सांगितलं, तिसऱ्या दिवशी.
पलंगाला टांगलेल्या पिशवीत लघवी पिवळीधमक,
आणि तो माझ्या खिशातलं पेन मागत होता.
कुशीवरच्या पट्टीवर त्याने वाकडातिकडा काढला
चार.

मी कुणाला सांगितलं नाही.
पट्टी तशीही उद्या बदलायची होती.
घरी जाताना बसमध्ये हिशेब केला:
तेव्हा तो ऐंशीचा.
मी निवृत्त.
मोजायला दुसरी कुणीतरी.