अकरा नंबरचा ट्रे

रविवारी मी पाव कमीच भाजतो.
सहाची खेप काढली की भट्टी
आपली आपण निवत बसते,
नांगरट आटपलेल्या बैलासारखी धापत.
तेव्हा बायका येतात. हातात ट्रे, वर फडकं,
फडक्याखाली कोंबडी, भोवती बटाटे.

लेस्वोसच्या या चढणीच्या गावात
घरोघरी ओव्हन आलेत, काचेच्या दाराचे.
त्यांत जास्तीची पातेली ठेवतात.
रविवारची कोंबडी मात्र माझ्याकडे.

कडेला मी खडूनं नंबर घालतो.
नावं कशाला? फडकं उचललं की घर दिसतं.
एल्पिनीकीचे बटाटे लांबट, तेलात पोहणारे.
थेओपिस्तीचे मोजून बारा, माणशी तीन,
पाहुणा आला तर त्यानं पाव खावा.
शाळामास्तर पाणी ओततो थेट कोंबडीच्या अंगावर.
किती सांगितलं, मास्तर, कोपऱ्यातून सोडा,
कातडी एकदा भिजली की रुसते,
मग काय वाटेल ते करा, कुरकुरत नाही.

सात नंबर एवांथिया. अकरा नंबर पेलायिया.
सख्ख्या जावा, भिंतीला भिंत.
एका ऑलिव्हच्या झाडावरून
(तेही पोकळ, आत घुबड राहतं)
नऊ वर्षं अबोला.
एक भट्टीशी असली की दुसरी
चर्चच्या पायरीवर थांबून चपलेतला खडा काढते.
नऊ वर्षं तोच खडा.

सातात लिंबू जास्त, अकरात ओरेगॅनो.
बाकी सगळं एक.
मीठ पोटातून चोळलेलं,
पाय दोऱ्यानं बांधलेले, आणि ती गाठ:
दोनदा फिरवून टोक आत खुपसलेली.
सासूची गाठ.
म्हातारी ट्रे घेऊन यायची तेव्हापासून ओळखतो मी तिला.

दीड तास लागतो.
चरबी वितळून खाली उतरते, लिंबात मिसळते,
बटाटा बुडाशी शिजतो, माथ्यावर भाजतो,
आणि त्या दोहोंच्या मधे जे काही होतं
त्यासाठी माणसं डोंगर उतरून येतात.
मी लांब फळीनं ट्रे फिरवतो, मागचे पुढे,
आणि ऐकतो. तडतड थांबून
नुसती चुरचुर उरली, की झालं.

आता खडूचं असं आहे,
रस उतू आला की पुसतो.
त्या रविवारी दोन नंबर पुसले गेले.
दोनच.
चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं, बायको म्हणाली
आणि माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली.

दुपारी झोप लागली नाही.
वाटलं, आता ओरडा ऐकू येईल, आता ट्रे आपटेल.
माशा तेवढ्या आल्या.
संध्याकाळी एवांथियाचा पोरगा पावाला आला.
“आई म्हणाली, लिंबू कमी होतं.”
मग?
“मग काय, संपलं की. बाबांनी तळ पुसून खाल्ला.
आई दोरा सोडत बसली होती.”
कापला नाही?
“नाही. सोडत होती. वेळ लागला.”

रिकामं भांडं परत करू नये,
हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.
मंगळवारी मधल्या भिंतीवर एक ट्रे दिसला,
घासून लख्ख, आत अंजिरं, पानासकट.
गुरुवारी दुसरा. आत सात अंडी,
एकाला पीस चिकटलेलं.

बोलल्या का म्हणाल, तर नाही.
झाडाचा खटला अजून मितिलिनीच्या कोर्टात आहे,
घुबडाला तारीख माहीत नाही.

पुढच्या रविवारी पेलायिया आली, ट्रे ठेवला.
मागे एवांथिया. पायरीवर थांबली नाही.
दोघींनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे एकमेकींकडे नाही.
गेल्यावर मी फडकी उचलली.
अकरात लिंबू जरा जास्त होतं.

दोन्ही ट्रे मी शेजारी सरकवले,
पाणी कोपऱ्यातून सोडलं, दार लोटलं,
आणि हात धुतले.
अंगठा नीट चोळून.